डब्ल्यूची केस: अ‍ॅनोरेक्सिया झालेली सोळा वर्षांची मुलगी आणि तिच्या मर्जीविरुद्धचे उपचार

३० जून १९९२ ला लंडनच्या कोर्ट ऑफ अपीलने एक तातडीचा आदेश दिला. ज्या मुलीबद्दल होता ती नुकतीच सोळा पूर्ण झालेली, तिला अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणंच टाकायचा मानसिक आजार, उंची पाच फूट सात इंच, वजन ३५.१ किलो. त्याआधी ३९ होतं. २१ जूनपासून तिने घट्ट असं काहीच खाल्लेलं नव्हतं. डॉक्टरांनी कोर्टाला सांगितलं की हे असंच अजून एक आठवडा चाललं तर पुढे तिला मूल होण्याची शक्यताच धोक्यात येईल, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत जीवही. आदेश असा होता की ती आत्ता जिथे आहे तिथून तिला लंडनच्या एका हॉस्पिटलमध्ये हलवा, जिथे ईटिंग डिसऑर्डरवरच, म्हणजे खाण्याशी निगडित मानसिक आजारांवरच, काम चालतं, आणि तिची संमती असो नसो, उपचार करा. सविस्तर निकाल आला १० जुलैला. कायद्याच्या पुस्तकांत ही मुलगी फक्त 'डब्ल्यू' आहे, नाव कुठेच छापलेलं नाही आणि ते बरंच आहे.

ही केस मी पुन्हा पुन्हा वाचते कारण माझं काम हॉस्पिटलमध्ये मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्या मधे उभं राहण्याचं आहे, आणि "तिला काय विचारायचं, ती लहान आहे" हे वाक्य आमच्याकडे इतक्या सहज ऐकू येतं की ते कुठपर्यंत खरं आहे याचा नीट विचार कुणी केलाय का ते बघावंसं वाटतं. डब्ल्यूच्या केसमध्ये तीन न्यायाधीशांनी तो केला. माझं मत आधीच सांगून टाकते. आदेश बरोबर होता. पण त्याला जे कारण दिलं ते नको तितकं मोठं होतं, आणि त्याची किंमत पुढे दुसऱ्याच मुलांनी मोजली.

आधी मुलीबद्दल. ती पाच वर्षांची असताना वडील ब्रेन ट्यूमरने गेले. आठ वर्षांची असताना आई कॅन्सरने गेली. आईने मृत्युपत्रात मावशीला पालक नेमलं होतं पण मावशीला ती आणि तिची भावंडं सांभाळणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिथल्या लोकल ऑथॉरिटीने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, मुलांना ताब्यात घेतलं आणि फॉस्टर घरात, म्हणजे सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात, ठेवलं. पहिलं घर टिकलं नाही, तिथे तिला त्रास दिला गेला. दुसऱ्या घरात जरा स्थिरावते तोवर तिथल्या फॉस्टर आईला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. ज्या आजोबांवर तिचा जीव होता तेही वारले. १९९० च्या जूनमध्ये अ‍ॅनोरेक्सियाची लक्षणं दिसायला लागली आणि १९९१ च्या जानेवारीत तिला मुलांसाठीच्या एका निवासी युनिटमध्ये दाखल केलं.

हे नुसतं वाचताना सुद्धा लक्षात येतं की या मुलीच्या आयुष्यात तिला विचारून काहीच झालेलं नव्हतं. कोण मरणार, कुठल्या घरात राहायचं, कुठल्या शाळेत जायचं, सगळं बाहेरून ठरलेलं. आणि अ‍ॅनोरेक्सिया हा असा आजार आहे की त्यात 'माझ्या हातात काहीतरी आहे' ही जाणीव फार मोठी असते, तोंडात काय जाऊ द्यायचं आणि काय नाही एवढं एकच दार आपल्या ताब्यात उरलंय असं त्या मुलांना वाटतं. सगळ्याच केसेसमागे असं दुःख असतं असं अजिबात नाही, सुखी घरातल्या मुलींनाही हा आजार होतो आणि मुलग्यांनाही होतो, त्यामुळे आईवडिलांनी स्वतःला दोष देत बसू नये. पण डब्ल्यूच्या बाबतीत ते डोळ्यांसमोर होतं.

युनिटमध्ये गेल्यावर १९९१ मध्ये तब्येत आणखी ढासळली. ती स्टाफच्या अंगावर जायला लागली, नैराश्य आलं, स्वतःची कातडी ओरबाडून जखमा करायला लागली. एक वेळ अशी आली की नाकातून नळी घालून तिला अन्न द्यावं लागलं आणि दोन्ही हात प्लास्टरमध्ये घालावे लागले. आणि या दोन्ही गोष्टींना तिने संमती दिली होती. हा तपशील निकालात एखाद्या ओळीचा आहे पण मी तिथे दर वेळी थांबते. पंधरा वर्षांची मुलगी आपले हात प्लास्टरमध्ये घालायला हो म्हणते, म्हणजे 'उपचारच नको' असं तिचं म्हणणं नव्हतं, निदान सरसकट नव्हतं. ओळखीच्या जागी, ओळखीच्या माणसांच्या हातून, आपण हो म्हटल्यावर काय होणार हे माहीत असताना, ती नळी सुद्धा सहन करत होती.

भांडण झालं ते वेगळ्या मुद्द्यावर. या युनिटला हे जमत नाहीये, हिला जास्त तज्ज्ञ ठिकाणी न्यायला हवं असं ठरायला लागलं आणि लोकल ऑथॉरिटी १९९२ च्या मार्चमध्ये कोर्टात गेली: तिच्या संमतीशिवाय हलवायची आणि उपचार करायची परवानगी द्या. त्याच महिन्यात तिला सोळा पूर्ण झाली. तिचं म्हणणं होतं मी इथेच राहणार, आणि मला योग्य वाटेल तेव्हा मीच बरी होईन.

आता सोळा का महत्त्वाचं ते बघू. इंग्लंडमध्ये १९६९ च्या फॅमिली लॉ रिफॉर्म अ‍ॅक्टने सज्ञान होण्याचं वय २१ वरून १८ वर आणलं आणि त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये लिहिलं की सोळा पूर्ण झालेल्या मुलाने वैद्यकीय उपचाराला दिलेली संमती ही मोठ्या माणसाने दिलेल्या संमतीइतकीच पक्की धरायची. मग १९८५ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सचा, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाचा, गिलिक निकाल आला, तो होता सोळाच्या आतल्या मुलींना गर्भनिरोधनाचा सल्ला आईवडिलांना न सांगता देता येईल का यावर, आणि त्यात लॉर्ड स्कारमन यांनी म्हटलं की मुलाला गोष्ट नीट समजण्याइतकी जाण आली की तिथे पालकांचा ठरवायचा हक्क मागे सरतो. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर डब्ल्यूच्या बाजूचा मुद्दा अगदी सरळ आहे, माझ्या 'हो'ला मोठ्या माणसाचं वजन आहे तर माझ्या 'नाही'लाही पाहिजे, नाहीतर त्या 'हो'ला अर्थ काय राहिला.

खालच्या कोर्टात न्यायमूर्ती थॉर्प यांनी १२ मे ला निकाल दिला. त्यांनी सांगितलं की या मुलीला सगळं समजतंय, निर्णय घेण्याइतकी जाण तिला आहे. आणि तरीही कोर्टाला तिच्या इच्छेवर मात करायचा अधिकार आहे, म्हणून हलवा. ती अपिलात गेली, आणि अपील चालू असतानाच तिने घट्ट अन्न पूर्ण बंद केलं.

कोर्ट ऑफ अपीलमध्ये लॉर्ड डोनल्डसन, लॉर्ड जस्टिस बाल्कम आणि लॉर्ड जस्टिस नोलन असे तिघं होते. डोनल्डसन तेव्हा मास्टर ऑफ द रोल्स, म्हणजे त्या कोर्टाचे प्रमुख. तिघांचं एकमत झालं की कलम ८ फक्त 'हो'बद्दल बोलतं. सोळा वर्षांच्या मुलाने हो म्हटलं तर डॉक्टरला तेवढं पुरेसं आहे, पालकांकडे जायची गरज नाही. पण मुलाने नाही म्हटलं म्हणून पालकांची संमती किंवा कोर्टाची परवानगी रद्द होत नाही, कारण त्याच कलमात पुढे लिहिलंय की आधी ज्या संमत्या चालत होत्या त्या यापुढेही चालतील. डोनल्डसन यांनी समजावून सांगितलं की संमती म्हणजे डॉक्टरला मिळालेलं चिलखत आहे, खटल्यापासून वाचवणारं, आणि ते त्याला तिघांपैकी कुणाही एकाकडून मिळालं तरी पुरे: मूल, पालक किंवा कोर्ट. बाल्कम आणि नोलन यांनी मर्यादा घातली. मूल अठराच्या जितकं जवळ जाईल तितकं त्याच्या इच्छेचं वजन वाढवत न्या, पण नकारामुळे मरण किंवा कायमची गंभीर इजा होणार असं दिसत असेल तर कोर्टाने मधे पडायलाच हवं.

आणि डोनल्डसन यांनी अजून एक गोष्ट म्हटली जी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. थॉर्प यांचं 'हिला सगळं समजतंय' हे त्यांना पटलं नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की अ‍ॅनोरेक्सिया हा आजारच असा आहे की तो समजून-उमजून निवड करायची ताकद खाऊन टाकतो, उपचार नाकारायची सक्ती तो आतून करतो, किंवा ज्यांचा उपयोग होणार नाही असेच उपचार स्वीकारायला लावतो, आणि आजार जितका पुढे जातो तितकी ही सक्ती वाढते.

मला विचाराल तर निकाल इथे, एवढ्यावर उभा राहायला हवा होता. ही मुलगी नाही म्हणतेय पण ते नाही आजाराचं आहे, म्हणून आम्ही ते बाजूला ठेवतोय. पण तसं झालं नाही. पुढच्या खटल्यांसाठी नियम म्हणून जे उरलं ते हे की अठराच्या आतल्या कुणाचाही नकार, त्याला कितीही समजत असलं तरी, कोर्टाला बांधून ठेवत नाही. म्हणजे आधार झाला वय. १९९९ साली साडेपंधरा वर्षांच्या एका मुलीला हार्ट ट्रान्सप्लांट नको होतं, दुसऱ्याचं हृदय आणि आयुष्यभराच्या गोळ्या घेऊन वेगळं होऊन जगायचं नाही असं ती म्हणत होती, कोर्टाने तिच्या मर्जीविरुद्ध ऑपरेशनला परवानगी दिली. जीव वाचवायचा होता हे मला समजतं. पण त्या मुलीला असा कुठलाही आजार नव्हता जो तिच्या तोंडून बोलत होता. ती स्वतः बोलत होती. या दोन नकारांना एकाच तराजूत घालणं मला पटत नाही आणि डब्ल्यूच्या निकालाने ते घालायची सोय करून दिली.

आता कुणी म्हणेल की 'आजार बोलतोय' हे म्हणणंही सोपंच आहे, मग अ‍ॅनोरेक्सियाच्या कुठल्याच पेशंटचं नाही कधी खरं धरायचंच नाही का, जी नाकारेल ती आजारी आणि आजारी म्हणून तिचं नाकारणं बाद, या चक्रातून सुटणार कसं? हा प्रश्न गंभीर आहे आणि तो टाळून कुणाला नळी घालू नये. त्याचं उत्तर नकाराच्या आत जाऊन बघण्यात आहे असं मला वाटतं, आणि त्यासाठी दोन गोष्टी माहीत हव्यात.

पहिली, उपासमार स्वतःच डोक्याला काय करते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर प्रयोग केला, ते युद्धात लढायला नकार दिलेले स्वयंसेवक होते, त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं आणि त्यांचं वजन साधारण चौथ्या हिश्श्याने उतरवलं. त्यांच्यातल्या कुणालाच ईटिंग डिसऑर्डर नव्हता. पण काही महिन्यांत ते दिवसभर फक्त खाण्याचा विचार करायला लागले, रेसिपीची पुस्तकं गोळा करायला लागले, ताटातलं अन्न तासन्‌तास चिवडत बसायला लागले, चिडचिडे झाले, लोकांत मिसळणं सोडलं, उदास झाले. म्हणजे ३५ किलोवर असलेल्या मुलीच्या डोक्यात जे चाललंय त्यातला बराच भाग तिचा स्वभाव नाही, हट्ट नाही, नुसती भूक आहे. आणि ते वजन वाढल्याशिवाय जात नाही, त्यामुळे 'आधी तिला मनाने तयार होऊ दे मग खाईल' हा क्रम या टप्प्यावर चालत नाही. आमच्याकडे येणाऱ्या आईवडिलांना मी हे सगळ्यात आधी सांगते, कारण बहुतेक जण 'नाटकं करते' इथेच अडकलेले असतात.

दुसरी गोष्ट ऑक्सफर्डमधली. जॅसिंटा टॅन, टोनी होप आणि अ‍ॅन स्ट्युअर्ट यांनी २००३ मध्ये अ‍ॅनोरेक्सिया असलेल्या दहा मुलींच्या दीर्घ मुलाखती छापल्या. निर्णयक्षमता मोजायची जी नेहमीची चाचणी आहे त्यात या मुली उत्तम पास होत होत्या. आजार काय, धोका काय, उपचार काय, सगळं घडाघडा सांगत होत्या. पण बोलता बोलता काहींकडून असं येत होतं की मरण आलं तरी चालेल, वजन वाढायला नको, आणि हा आजार गेला तर मी म्हणून काय उरेन हेच माहीत नाही. म्हणजे समज शाबूत, किंमत लावणं बिघडलेलं. थॉर्प यांनी समज बघितली, ती होतीच. डोनल्डसन यांना जे जाणवलं ते दुसरं होतं, आणि त्याला नीट शब्द मिळायला अजून दहा वर्षं जायची होती.

म्हणून नकार तपासताना विचारायचं ते हे की हे मत आजाराच्या आधीही होतं का, वजन खाली जाताना ते जास्त ताठर होत गेलं का, खाण्या-वजनाच्या बाहेरच्या गोष्टींत ही मुलगी कशी निर्णय घेते, आणि नकारात आजाराशी संबंध नसलेलं असं काही आहे का. डब्ल्यूच्या बाबतीत होतं की! इतकी माणसं आणि घरं हरवलेल्या मुलीला पुन्हा एकदा उचलून अनोळखी जागी नेणार होते. 'मी मला वाटेल तेव्हा बरी होईन' हे वाक्य आजाराचं असेल, पण 'मला इथून हलवू नका' हे तिचं स्वतःचं होतं असं मानायला भरपूर जागा आहे. ते बाजूला ठेवावं लागलं कारण जीव जात होता. पण बाजूला ठेवताना ते ओळखून, नाव घेऊन ठेवायला हवं होतं, आणि ती बाजू मला निकालात पुरेशी दिसत नाही. ओळखीची एखादी नर्स पहिले काही दिवस तिच्याबरोबर पाठवा, इतकी साधी गोष्टही अशा वेळी खूप काही करू शकते.

अजून एक. किशोरवयीन मुलांच्या अ‍ॅनोरेक्सियासाठी आज सगळ्यात जास्त पुरावा असलेली पद्धत लंडनच्याच मॉड्सली हॉस्पिटलमध्ये तयार झाली, जेरल्ड रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास १९८७ चा. त्यात खाण्याची सूत्रं काही काळासाठी आईवडील हातात घेतात. किती खायचं, कधी खायचं ते ठरवतात, ताटासमोर बसून राहतात, मूल रडलं ओरडलं तरी उठत नाहीत, आणि तब्येत सुधारली की हळूहळू सूत्रं परत मुलाकडे देतात. लहान वयाच्या आणि आजार जुना न झालेल्या पेशंटना याचा चांगला फायदा होतो. पण यासाठी आईवडील लागतात. डब्ल्यूला नव्हते. ज्या घरात आई आहे तिथे "हे संपवल्याशिवाय उठायचं नाही" याला कुणी सक्तीचा उपचार म्हणत नाही आणि त्याची नोंद कुठल्याही कोर्टात होत नाही. तिच्यासाठी तेच काम करायला अर्ज, वकील आणि तीन न्यायाधीश लागले. म्हणून 'सक्ती करावी की नाही' असं विचारण्यापेक्षा 'कुणी, किती आणि कधीपर्यंत' हे विचारणं मला जास्त खरं वाटतं.

आदेशाच्या कागदावर 'उपचार' हा एक शब्द असतो, वॉर्डात तो काय असतो तेही सांगायला हवं. आधी ताट ठेवतात. नाही खाल्लं तर तेवढ्याच कॅलरीचं पेय पुढे करतात. तेही नाही म्हटलं तर नळी. नाकपुडीपासून कानापर्यंत आणि तिथून पोटाच्या वरच्या टोकापर्यंत नळी मापून खूण करतात, नाकातून सरकवतात, गिळायला सांगतात, मग पोटातलं थोडं पाणी ओढून त्याची आम्लता पट्टीवर तपासतात कारण नळी चुकून फुप्फुसात गेली असेल आणि त्यात फीड सोडलं तर माणूस दगावतो. मुलगी विरोध करत असेल तर हेच सगळं तिचे हात, पाय, डोकं ट्रेनिंग घेतलेल्या लोकांनी धरून ठेवलेलं असताना करायचं, कधी कधी दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा, कारण ती नळी ओढून काढते. ज्या मुलींवर आधी कुणी शारीरिक अत्याचार केलेला असतो त्यांच्यासाठी हे काय असेल याचा विचार आदेश मागणाऱ्या प्रत्येकाने करावा. नर्सेसनाही ते सोपं जात नाही.

आणि अन्न दिलं म्हणजे सुटलो असंही नाही. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने पेशींत ओढलं जातं, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही उतरतं, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि माणूस खायला लागल्यावर दगावतो. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून रोज रक्त तपासत, थायमिन हे जीवनसत्त्व देत, हळूहळू वाढवत न्यावं लागतं. म्हणूनच तज्ज्ञ हॉस्पिटलचा आग्रह होता. पाच फूट सात इंच उंचीला ३५.१ किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १२ च्या आसपास, आणि तिथे हे काम नवख्या हातात देता येत नाही.

मग सक्तीचा उपयोग होतो का? अमेरिकेत आयोवामध्ये २००० साली छापलेल्या अभ्यासात ३९७ पेशंटपैकी ६६ जण कायद्याने सक्तीने दाखल केलेले होते, त्यांचं वजन स्वखुशीने आलेल्यांइतकंच वाढलं, फक्त वेळ जास्त लागला. मॉड्सलीतल्या १९९९ च्या अभ्यासातही वजनाच्या बाबतीत हेच दिसलं, पण पुढे सरासरी पावणेसहा वर्षं मागोवा घेतला तर सक्तीच्या गटात १० मृत्यू झाले होते आणि दुसऱ्या गटात २. हा आकडा दाखवून सक्ती जीव घेते असं कुणी म्हणतं, ते बरोबर नाही, सक्तीने दाखल झालेले मुळातच जास्त गंभीर होते, आणि वीस वर्षांच्या मागोव्यात दोन्ही गटांतला तो फरक उरला नाही. पण त्यातून एवढं नक्की दिसतं की सक्तीने वाढवलेलं वजन म्हणजे बरं होणं नव्हे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधला २००७ चा अभ्यास सांगतो की दाखल होताना 'मला गरजच नाही' म्हणणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचं मत दोन आठवड्यांत बदललं. अठराच्या आतल्यांमध्ये हे प्रमाण कमी होतं, हेही तिथेच लिहिलंय.

टॅन यांचाच २०१० चा अजून एक अभ्यास आहे, १५ ते २६ वयाच्या २९ जणींचा. जीव वाचवायचा असेल तर मर्जीविरुद्ध उपचार करायला हवेत यावर त्यांच्यात जवळपास एकमत होतं, ज्यांनी स्वतः सोसलंय त्या हे म्हणत होत्या. आणि जबरदस्ती झाली असं वाटणं हे कायद्याच्या कागदावर तितकंसं अवलंबून नव्हतं, आईवडील आणि डॉक्टर-नर्सशी नातं कसं होतं यावर होतं. काहींना कागद नसतानाही कोंडल्यासारखं वाटलं आणि काहींवर पूर्ण सक्ती होऊनही नंतर त्यांनी तिला काळजी म्हटलं.

इंग्लंडमध्ये कायदा नंतर हलला, पण अर्धाच. २००८ पासून तिथे नियम असा आहे की सोळा-सतराच्या मुलाला निर्णयक्षमता असेल आणि तो मानसिक उपचारासाठी दाखल व्हायला नाही म्हणत असेल तर पालकांच्या संमतीवर त्याला दाखल करता येत नाही, मेंटल हेल्थ अ‍ॅक्टच्या रस्त्याने जावं लागतं, जिथे मुदत असते, ट्रायब्युनलकडे दाद मागता येते. हे मला चांगलं वाटतं. सक्तीचा शिक्का नको म्हणून पूर्वी डॉक्टर आणि पालक हा रस्ता टाळायचे, पण शिक्क्याबरोबर जे हक्क येतात तेही मग टळायचे. दुसरीकडे २०२१ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने धर्माच्या कारणाने रक्त चढवून घ्यायला नकार देणाऱ्या जेहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांतल्या दोन मुलांच्या केसमध्ये डब्ल्यूचा निकाल अजून लागू आहे असं स्पष्ट सांगितलं. म्हणजे वयाचा तो आधार तीस वर्षांनीही तसाच आहे.

आपल्याकडे २०१७ चा मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट आहे आणि त्यात कलम ८७ अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलांचं. दाखल करायचा अर्ज नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह करतो, म्हणजे बहुतेक वेळा आई किंवा वडील. दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासायचं, ७२ तासांच्या आत बोर्डाला, म्हणजे याच कायद्याखालच्या आढावा मंडळाला, कळवायचं, मोठ्या माणसांपासून वेगळं ठेवायचं, तीस दिवसांच्या पुढे गेलं तर बोर्डाने आढावा घ्यायचा. उपचाराची संमतीही रिप्रेझेंटेटिव्हच देतो. सोळा, सतरा असा कुठलाही टप्पा मधे नाही, अठरापर्यंत सगळं एकच. सतरा वर्षं अकरा महिन्यांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा कायद्याला सारखेच.

दाखल करण्याच्या फाईलमध्ये अर्ज असतो आणि तपासणीचे दोन रिपोर्ट. मुलीचं म्हणणं, तिच्या शब्दांत, वेगळ्या कागदावर जोडायला कुठलंही कलम मनाई करत नाही, म्हणून मी ते जोडायला सांगते: कशाला हो आहे, कशाला नाही, कोण जवळ असलेलं चालेल, आणि नळी लागलीच तर कुणी घालावी. त्यातलं बरंचसं त्या दिवशी मानता येत नाही. पण तीस दिवसांनी आढावा येतो तेव्हा वजन थोडं वर आलेलं असतं, मग तोच कागद काढून तिच्याबरोबर पुन्हा वाचायचा आणि आता यातलं काय तुझं आहे ते तिलाच विचारायचं.